जपानमध्ये घर थाटताना: शेजार, कचरा, जेवण आणि रोजच्या रीती

जपानचं नोकरीचं आणि शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्यामुळे दरवर्षी मार्चच्या सुमारास तिकडे निघालेल्या मराठी कुटुंबांचे मला फोन येऊ लागतात. व्हिसा, पगार, घरभाडं यांची माहिती त्यांनी आधीच काढलेली असते. अडतं ते पुढे: शेजाऱ्यांकडे जायचं का, कचरा कुठे टाकायचा, ऑफिसच्या पार्टीत शाकाहारी माणसानं काय खायचं, लग्नाचं आमंत्रण आलं तर पाकिटात किती घालायचे.

नियम पुष्कळ आहेत आणि ते पाठ करून संपत नाहीत. पण बहुतेकांच्या मुळाशी एकच विचार असतो: ही जागा, हे पाणी, ही पिशवी माझ्यानंतर कोणाच्या वाट्याला येणार आहे? टबातल्या पाण्यात आपल्यानंतर दुसरं कोणी उतरणार आहे. कचऱ्याची पिशवी कोणीतरी हातानं उचलणार आहे. आपल्या जमिनीखाली कोणाचं तरी छत आहे. एवढं धरून ठेवलं की कोणी न सांगितलेला नियमही बहुतेक वेळा ओळखता येतो. खालचा क्रम मी मुद्दाम एखादं कुटुंब पोहोचल्यावर ज्या क्रमानं गोष्टी समोर येतात तसा ठेवला आहे.

पहिले १४ दिवस

घराचा पत्ता ठरला की १४ दिवसांच्या आत आपल्या वॉर्डाच्या किंवा शहराच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. बरोबर सगळ्यांचे पासपोर्ट आणि झाइर्यू कार्ड, म्हणजे विमानतळावर मिळणारं रहिवासी ओळखपत्र, न्या. हे कार्ड १६ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येक परदेशी नागरिकानं कायम जवळ बाळगायचं असतं, अगदी कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही. आरोग्य विम्याचं कामही याच कचेरीत होतं. कंपनीचा विमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावा लागतो आणि मग दवाखान्याच्या बिलातला साधारण ३० टक्के भाग आपण भरतो.

कचेरीतून निघण्याआधी दोन कागद मागून घ्या: कचऱ्याचं वेळापत्रक आणि आपत्तीचा नकाशा. टोकियोच्या बऱ्याच वॉर्डांत ते इंग्रजीतही मिळतात.

वीज आणि पाणी इंटरनेटवरून सुरू करता येतं. गॅस मात्र कंपनीचा माणूस येऊन, जोडणी तपासून, आपल्या समोर सुरू करतो. त्याची वेळ आधी ठरवून घ्या, नाहीतर मार्च-एप्रिलच्या गर्दीत काही दिवस गरम पाण्याविना जातील.

घर शोधत असाल तर युआर या सार्वजनिक संस्थेच्या वसाहती जरूर पाहा. खासगी घरमालक अनामत रकमेशिवाय बऱ्याचदा 'रेइकिन' घेतात, जी परत मिळत नाही. शिवाय जामीनदार लागतो आणि दलाली वेगळी. युआरमध्ये रेइकिन, दलाली, जामीनदार यांतलं काहीच लागत नाही. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाई भागात भारतीय कुटुंबं एकवटली, त्यात अशा वसाहतींचा मोठा वाटा आहे. २००० सालाच्या आसपास आयटी इंजिनिअर इथे येऊ लागले, मग भारतीय किराणा आला, शाळा आली. याच वॉर्डाच्या परिषदेवर २०१९ मध्ये मूळचे भारतीय असलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले.

शेजाऱ्यांची ओळख

सामान लावायच्या आधी हे करा, किंवा फार तर आठवड्याभरात. जपानमध्ये नव्यानं आलेल्यानं आपणहून शेजाऱ्यांकडे जायचं असतं; ते तुमची चौकशी करायला येणार नाहीत. स्वतंत्र घर असेल तर समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची दोन घरं असा जुना हिशोब आहे. इमारतीत दोन्ही बाजूंचे, वरचे आणि खालचे. खालच्यांकडे तर नक्कीच जा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

बरोबर ५०० ते १००० येनांची एखादी रोज वापरायची वस्तू न्या: छोटा टॉवेल, कपडे धुण्याची पावडर, बिस्किटांचा बंद डबा. घरी केलेला पदार्थ नेऊ नका. आपल्याकडे वाटीभर शिऱ्यानं ओळख वाढते, पण तिथे अनोळखी माणसाच्या घरचं अन्न घेताना समोरच्याला संकोच होतो आणि नाही म्हणणंही त्याला जमत नाही. शनिवारी किंवा रविवारी सकाळी दहानंतर, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेआधी जा. दारातच उभं राहून बोला: 'हिक्कोशिते किमाशिता, कुलकर्णी देसु. योरोशिकु ओनेगाइ शिमासु.' इथे राहायला आलोय, मी कुलकर्णी, लोभ असू द्या. मिनिटभरात निघा. आत बोलावलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका, तशी रीतच नाही.

मोठ्या शहरांत, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मुलींनी, सुरक्षिततेसाठी हे न करण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. तेव्हा दार उघडलं नाही तर दोनदा-तीनदा बेल वाजवू नका.

पुढे वस्तीच्या मंडळाकडून, म्हणजे 'चोनाइकाइ'कडून, सभासद होण्याबद्दल विचारणा येईल. सक्ती नसते. मला विचाराल तर व्हा. वर्गणी थोडी असते, आणि रस्ता झाडण्याच्या दिवशी हातात झाडू घेऊन तासभर उभं राहिलं की जी ओळख होते ती वर्षभर लिफ्टमध्ये मान लववून होत नाही. सूचनांची फाइल घरोघरी फिरते. वाचून सही करून लगेच पुढच्या घरी द्यायची, आपल्याकडे अडकवून ठेवायची नाही.

दारातली पायरी

प्रत्येक घराच्या दारात 'गेन्कान' हा थोडा खोलगट भाग असतो. बाहेरची धूळ तिथेच थांबते. सरळ आत तोंड करून बूट काढा, मोज्यांनिशी वरच्या पायरीवर पाऊल ठेवा आणि मग थोडं वळून, वाकून, बुटांची टोकं दाराकडे करून ते एका बाजूला लावा. बूट काढल्यानंतर मोजे खालच्या भागाला टेकवू नका; सगळी मेख तिथेच आहे.

आत सपाता देतील. तातामीची, म्हणजे गवती चटयांची खोली आली की त्याही बाहेर काढायच्या. स्वच्छतागृहाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या तिथेच सोडायच्या. तातामीच्या कापडी काठावर आणि खोलीच्या उंबऱ्यावर पाय देत नाहीत. उंबऱ्याची सवय आपल्या घरांतल्या जुन्या माणसांनी लावलेली असते, ती इथे कामी येते. फाटके मोजे भारतातच सोडा. दवाखाने, मंदिरं, काही उपाहारगृहं, शाळा, सगळीकडे बूट काढावे लागतात.

कचरा

सगळ्यात जास्त कुरबुरी याच विषयावर होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रत्येक गावाचे नियम निराळे. शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु या लहानशा गावानं २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा ठराव केला आणि तिथे चाळीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण होतं. टोकियोत इतकं नाही. तिथे ढोबळ भाग असे: जळणारा कचरा, न जळणारा कचरा, पुन्हा वापरात जाणारा माल आणि अवजड कचरा. जळणारा बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोनदा उचलतात, न जळणारा महिन्यातून एकदा किंवा दोनदा. प्लॅस्टिक वेष्टनांचं काय करायचं हे वॉर्डावर अवलंबून, वेळापत्रकात पाहा.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू.

१. ओला कचरा आधी निथळा. सिंकच्या जाळीत भाज्यांची सालं, चहाचा चोथा साठतो. पिळून पाणी काढा आणि कागदात गुंडाळून पिशवीत टाका. ओला कचरा जळायला जड जातो, आणि पिशवीतून पाणी गळलं की वास आणि कावळे दोन्ही येतात.

२. तळणीचं तेल सिंकमध्ये कधीही ओतू नका. दुकानात तेल घट्ट करणारी पावडर मिळते. गॅस बंद केल्यावर तेल गरम असतानाच ती मिसळायची; थंड झालं की तेलाची वडी होते, ती जळणाऱ्या कचऱ्यात जाते. दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात ही पुडी घरात हवीच.

३. प्लॅस्टिकच्या पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढा, ती विसळा, चेपटी करा. झाकण आणि लेबल प्लॅस्टिकमध्ये किंवा वॉर्डाच्या नियमाप्रमाणे जातील, बाटली वेगळी. डबे आणि काचेच्या बाटल्याही विसळूनच.

४. वर्तमानपत्रं, मासिकं, पुठ्ठे यांचे वेगवेगळे गठ्ठे सुतळीनं बांधा. पुठ्ठ्याची खोकी उलगडून सपाट करा.

५. बॅटऱ्या, स्प्रेचे डबे, लायटर कधीही दुसऱ्या कचऱ्यात मिसळू नका. लिथियमच्या बॅटऱ्या चेपल्या गेल्या की कचऱ्याच्या गाडीला आग लागते. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर 'धोका' असं लिहा, जपानीत 'किकेन'.

पिशवी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक असावी. टोकियोबाहेरच्या अनेक शहरांत नगरपालिकेनं ठरवलेल्या विकतच्या पिशव्याच चालतात. कचरा त्या त्या दिवशीच सकाळी, साधारण ८ च्या आत, ठरलेल्या जागी ठेवा आणि वरून जाळी नीट ओढा. आदल्या रात्री ठेवला तर कावळे आणि मांजरं रस्ताभर पसरवतात, आणि तो झाडायला बहुधा शेजारच्या आजीच येतात. ज्या इमारतींत बंदिस्त कचराखोली असते तिथे कधीही ठेवता येतो. आधी विचारून घ्या.

चुकीची पिशवी उचलत नाहीत. तिच्यावर कारण छापलेलं स्टिकर लावून ती तिथेच सोडतात आणि दिवसभर येणारे-जाणारे ती पाहतात. आपली असेल तर मुकाट्यानं परत आणा, पुन्हा वेगळी करा आणि योग्य दिवशी ठेवा. कोणी त्यावर बोलणार नाही. न उचलता राहिली तर मात्र लक्षात ठेवलं जातं.

टोकियोच्या २३ वॉर्डांत ज्याची एखादी बाजू सुमारे ३० सेंटिमीटरहून मोठी आहे ती वस्तू अवजड कचरा: खुर्ची, गादी, सायकल, सुटकेस. आधी फोनवर किंवा इंटरनेटवर नोंदणी करायची, सांगतील तेवढ्या किमतीची तिकिटं कन्व्हीनियन्स स्टोअरमधून घेऊन चिकटवायची आणि ठरल्या दिवशी बाहेर ठेवायची. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यांना २००१ पासून वेगळा कायदा लागू आहे. ते दुकानामार्फत किंवा परवानाधारक माणसाकडून, पैसे भरूनच द्यावे लागतात. 'फुकट नेतो' असं भोंग्यावर सांगत फिरणाऱ्या गाडीला देऊ नका, गाडीत सामान चढलं की पैसे मागतात.

रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ दिसत नाहीत. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी स्टेशनांवरचे पुष्कळ डबे काढले गेले. कचरा घरी नेणं ही आता सवयच आहे. पर्समध्ये एक छोटी पिशवी ठेवा.

आवाज, वास आणि बाल्कनी

लाकडी इमारतींच्या भिंती पातळ असतात. रात्री ९ नंतर आणि सकाळी ७ च्या आधी वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम, मिक्सर लावू नका. मिक्सरखाली जाड रबरी चटई ठेवा. कुकरच्या शिट्ट्या पहाटे शेजाऱ्याला घाबरवू शकतात. अनेक घरांनी शिटी न होणारा कुकर घेतला आहे किंवा डब्याच्या डाळी रात्री जेवणाआधीच शिजवून ठेवतात. मुलांच्या धावण्यासाठी जमिनीवर जोडायच्या फोमच्या लाद्या अंथरा.

फोडणीच्या आधी एक्झॉस्ट सुरू करा, नंतर नको. शेजाऱ्याची चादर बाल्कनीत वाळत असते.

इथली एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. शेजारी तुमच्या दारात येऊन भांडणार नाही. तो इमारतीच्या व्यवस्थापनाला कळवेल, आणि मग सगळ्यांच्या पत्रपेटीत किंवा लिफ्टमध्ये एक सभ्य सूचना येईल: 'रात्रीच्या आवाजाची काळजी घ्यावी ही विनंती.' कोणाचंही नाव नसतं. आपण म्हणतो, दुसऱ्या कोणासाठी असेल. अशी सूचना आली की ती आपल्यासाठीच आहे असं धरून आठवडाभर वागून पाहा. आणि शंका असेल तर खाली जाऊन 'इत्सुमो उरुसाकुते सुमिमासेन' म्हणा, नेहमी आवाज होतो त्याबद्दल क्षमस्व. समोरच्याचा चेहरा लगेच सैल होतो. मुलांच्या आवाजाचा राग बहुतेकदा आवाजापेक्षा त्याची कोणी दखल घेत नाही यावर असतो.

बाल्कनी ही तुमच्या वापरात असली तरी ती सामाईक जागा आहे. दोन बाल्कन्यांमधला पातळ पडदा आगीच्या वेळी लाथ मारून फोडून पलीकडे जाण्यासाठी असतो. त्याच्यासमोर आणि जमिनीवरच्या सुटकेच्या झाकणावर कुंड्या, खोकी ठेवू नका. दाराबाहेरच्या मार्गिकेतही चपलांचं कपाट किंवा सायकल नको. रांगोळी काढायची तर दाराच्या आत गेन्कानमध्ये काढा, किंवा व्यवस्थापनाला विचारून बाहेर. गणपतीचं विसर्जन नदीत करता येत नाही. शाडूची मूर्ती घरी बादलीत विरघळवणं हाच मार्ग. सामूहिक उत्सवासाठी तोक्यो मराठी मंडळ आहे, तिथे सभागृह घेऊन गणेशोत्सव होतो आणि ढोलही वाजतो.

अंघोळ

जपानी टब अंग धुण्यासाठी नसतो. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण अंग धुवायचं, साबणाचा थेंबही उरता कामा नये, आणि मग ४०-४२ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसायचं. घरातले सगळे एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. पाहुणे म्हणून राहायला गेलात तर बहुधा तुम्हाला पहिलं पाठवतील. बाहेर येताना बूच काढून पाणी सोडू नका. टबावर झाकण घाला म्हणजे पाणी गरम राहतं. उरलेल्या पाण्यात अनेक घरी दुसऱ्या दिवशी कपडे धुतात.

सार्वजनिक स्नानगृहात आणि गरम झऱ्यांवर हाच क्रम, फक्त कपडे पूर्ण काढावे लागतात. पोहण्याचे कपडे चालत नाहीत. पुरुष आणि स्त्रियांची जागा वेगळी असते. केस वर बांधा, छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका, डोक्यावर किंवा काठावर ठेवा. गोंदण असेल तर बऱ्याच ठिकाणी प्रवेश नाकारतात, आधी चौकशी करा. संकोच वाटणं साहजिक आहे. अनेक ठिकाणी कुटुंबासाठी तासावर खासगी कुंड मिळतं, तिथून सुरुवात करा. बाहेर दिलेला युकाता, म्हणजे सुती झगा, घालताना डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलट बाजू मृताच्या अंगावर घालतात.

गाडीत आणि रस्त्यावर

फलाटावर रंगवलेल्या खुणांमागे रांग लावा, दाराच्या दोन्ही बाजूंना उभं राहून उतरणाऱ्यांना आधी जाऊ द्या. फोन मॅनर मोडवर, म्हणजे बिनआवाजी ठेवा. गाडीत फोनवर बोलत नाहीत. आईचा व्हॉट्सअॅप कॉल आला तर 'उतरल्यावर करते' एवढंच कळवा. पाठीवरची सॅक पुढे घ्या. लोकल गाड्यांत खात नाहीत, शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, डबा उघडून निवांत जेवता येतं; सीट मागे करण्यापूर्वी मागच्याला मान लववून विचारा. सकाळच्या गर्दीत काही मार्गांवर स्त्रियांचा डबा असतो, गुलाबी खुणा पाहा.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे आणि ओसाकात उजवीकडे उभं राहायची सवय आहे. पण सैतामा प्रांतानं ऑक्टोबर २०२१ पासून आणि नागोया शहरानं ऑक्टोबर २०२३ पासून जिन्यावर न चालता उभं राहण्याचा नियम केला आहे. गाडीला उशीर झाला तर रेल्वे उशिराचा दाखला देते, स्टेशनवर किंवा वेबसाइटवर. ऑफिसात किंवा शाळेत तो दाखवा.

चारचौघांत नाक शिंकरू नका, आडोशाला जा. पाकीट हरवलं तर जवळच्या 'कोबान'मध्ये, पोलीस चौकीत, विचारा. मिळण्याची खरंच चांगली शक्यता असते.

जेवण, आणि विशेषतः शाकाहारी जेवण

जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमासु', नंतर 'गोचिसोसामा देशिता'. भाताचा वाडगा डाव्या हातात उचलून खातात. नूडल्स सुर्रकन ओढल्या तरी चालतात. दोन गोष्टी मात्र कधीही करू नका: भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचणं, आणि एका चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर घास देणं. पहिली रीत मृताच्या नैवेद्याची. दुसरी दहनानंतर अस्थी वेचतानाची. आपल्याकडे काही गोष्टी फक्त दहाव्या-तेराव्याला करतात आणि एरवी कोणी केल्या तर घरातली मोठी माणसं दचकतात, तसंच हे. पदार्थ द्यायचा असेल तर ताटली पुढे करा. उपाहारगृहात टीप देत नाहीत. टेबलावर पैसे ठेवले तर वेटर मागे धावत आणून देईल. पैसे हातात न देता काउंटरवरच्या छोट्या तबकात ठेवा.

आता शाकाहाराबद्दल. 'मी मांस खात नाही' एवढं सांगून भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' हा रस्सा आहे आणि तो बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून किसलेल्या बोनिटो माशाचा असतो. मिसो सूप, उडोन नूडल्सचा रस्सा, तेम्पुराबरोबरची चटणी, टोफूवरचा सॉस, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत तो येतो. बटाट्याच्या वेफरमध्ये चिकनचा अर्क आणि करीच्या तयार वड्यांत जनावराची चरबी असू शकते. म्हणून असं सांगा: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओबुशी नो दाशि मो ताबेरारेमासेन.' मांस-मासे खात नाही, बोनिटोचा रस्साही चालत नाही. हे वाक्य जपानीत छापून पाकिटात ठेवा आणि वेटरला दाखवा. त्यानं आत जाऊन पाच मिनिटं विचारपूस केली तर ती टाळाटाळ नाही, तो खरोखर पाहून येतो आहे.

पाकिटबंद पदार्थांवर अंडी, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणे, कोळंबी, खेकडा, अक्रोड अशा काही ठरावीक घटकांचा उल्लेख सक्तीचा आहे. अंड्याचा शब्द त्यात लगेच सापडतो. माशाचा मात्र त्या सक्तीच्या यादीत नाही, घटकांची पूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्यानं वाचावी लागते. घरी दाशी करायची तर कोम्बु नावाची समुद्री वनस्पती आणि वाळवलेली शिताके अळंबी रात्रभर पाण्यात भिजत घाला. उत्तम रस्सा होतो आणि आमटीतही चालतो. बाहेर मनसोक्त जेवायचं असेल तर बौद्ध मठांचं 'शोजिन र्योरी' शोधा. कोयासान पर्वतावरच्या मठांत मुक्कामासह मिळतं. त्यात मांस-मासे नसतातच, परंपरेनं कांदा-लसूणही नसतो.

कोणी घरी बोलावलं तर आमंत्रण स्वीकारतानाच काय खात नाही ते सांगा. पानावर बसल्यावर सांगितलं तर यजमानीण दुःखी होते, आणि तिनं तुमच्यासाठी दोन दिवस तयारी केलेली असते.

ऑफिसात आणि ऑफिसनंतर

आडनावाला 'सान' लावून हाक मारा, स्वतःच्या नावाला कधीही लावू नका. भेटीच्या वेळेआधी पाच मिनिटं पोहोचा. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या, वाचा, बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवा. काम अडलं तर लगेच सांगा; शेवटच्या दिवशी कळलेला उशीर तिथे अक्षम्य मानतात, पहिल्या दिवशी कळलेला उशीर सगळे मिळून निस्तरतात. आपल्या 'होऊन जाईल'ची सवय इथे खरोखर मोडावी लागते.

पार्टीत 'कान्पाइ', म्हणजे 'चीअर्स', होईपर्यंत पेला तोंडाला लावू नका. स्वतःचा पेला स्वतः भरू नका, शेजाऱ्याचा भरा, तो तुमचा भरेल. दारू पीत नसाल तर ऊलाँग चहा मागवा, कोणी आग्रह करणार नाही. इझाकायात, म्हणजे जपानी पबमध्ये, न मागवताच पुढे येणारी खाण्याची छोटी वाटी 'ओतोशी' असते, ती बिलात लागते.

सुट्टीवरून परतताना ऑफिससाठी खाऊ आणायचा. प्रत्येक तुकडा वेगळा बांधलेला हवा, म्हणजे ज्याला हवं तो नंतर खाईल. भारतातून ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणू नका; तपासणी प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात. आंब्याची वडी, काजू, बंद पाकिटातली चिक्की चालते.

आहेर आणि पाकिटं

कोणाच्या घरी जाताना न्यायची भेट बैठकीत बसल्यावर, कागदी पिशवीतून बाहेर काढून, दोन्ही हातांनी द्या. समोरच्यानं ती लगेच उघडली नाही तर तेच बरोबर. चार आणि नऊ हे आकडे टाळा.

लग्नाच्या आहेराला मित्र आणि सहकारी साधारण ३०,००० येन देतात. नोटा कोऱ्या हव्यात, बँकेतून बदलून घ्या. समसंख्या दोन भागांत वाटली जाते म्हणून विषम. पाकीट लग्नाचंच घ्या, न सुटणाऱ्या गाठीचं; दुकानात विचारा, ते दाखवतील. अंत्यविधीचं पाकीट वेगळं, काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं, आणि नोटा कोऱ्या नकोत, जणू आधीच तयारी करून ठेवली होती असं दिसू नये म्हणून. कोऱ्याच असतील तर एक घडी घाला. तुम्हाला बाळ झालं आणि शेजाऱ्यांनी भेट दिली तर महिन्याभरात तिच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत परतभेट पाठवा. न पाठवलेली परतभेट फार दिवस सलते.

मुलं आणि शाळा

सार्वजनिक प्राथमिक शाळेत मुलं गटानं चालत जातात, वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात. शाकाहारी मुलाबद्दल शाळेशी प्रवेशाच्या वेळीच बोला. बहुतेक शाळा महिन्याची जेवणाची यादी देतात आणि डबा आणू देतात. डबा त्या दिवशीच्या पदार्थाशी मिळताजुळता दिला तर मूल वेगळं पडत नाही. संध्याकाळी वस्तीच्या भोंग्यावर एक सूर वाजतो: मुलांनी घरी जायची वेळ. आपत्तीचा भोंगा चालतो आहे ना हेही त्यातून रोज तपासलं जातं.

भूकंपाची तयारी

हे शेवटी लिहिलं असलं तरी पहिल्या आठवड्यातच करा. उंच कपाटं भिंतीला किंवा छताला टेकू देऊन बसवा, पलंगाच्या डोक्याशी जड काही नको. माणशी दिवसाला तीन लिटर याप्रमाणे निदान तीन दिवसांचं पाणी, कोरडं खाणं, औषधं, टॉर्च, पॉवर बँक, थोडी रोकड आणि कागदपत्रांच्या प्रती एका सॅकमध्ये भरून गेन्कानजवळ ठेवा. शाकाहारी असाल तर स्वतःचं खाणं जास्त ठेवा. आश्रयस्थानात मिळणाऱ्या अन्नात निवड नसते. कचेरीतून आणलेल्या नकाशावर आपलं आश्रयस्थान शोधा, बहुधा ती जवळची शाळा असते, आणि मुलांना घेऊन एकदा तिथपर्यंत चालत जा.

पोलिसांसाठी ११०, आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. मोठ्या भूकंपानंतर फोन लागत नाहीत, तेव्हा १७१ वर निरोप रेकॉर्ड करून ठेवता येतो आणि घरचे तो ऐकू शकतात. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला ही सेवा सरावासाठी खुली असते. कोणत्या फोन नंबरवर निरोप ठेवायचा ते आधी ठरवा आणि पुढच्या १ तारखेला घरातल्या प्रत्येकाकडून एकदा करवून घ्या.